सावध, जपून आणि खबरदार

खरिपाचा हंगाम ऐन भरात असताना हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावात सावधगिरीचा उपदेश दिवसातून किती वेळा आणि किती रूपांत कानी पडतो, याची मोजदाद करू गेल्यास यादी लांबतच जाईल. सकाळी शेताकडे निघालेल्याला घरातून ‘जपून जा’ असे सांगितले जाते. विजेच्या डीपीवर ‘सावधान’ ही अक्षरे असतात. वळणावरचा फलक वाहने सावकाश हाकण्यास सांगतो. मोबाइलवर हवामान खात्याचा ‘यलो अलर्ट’ येतो आणि कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. सगळ्यांचे सांगणे वरवर एकच, की काळजी घ्या. मग त्यासाठी इतके शब्द आणि इतक्या खुणा कशाला? याचे उत्तर असे, की यातील प्रत्येक शब्द माणसाकडून काहीतरी निराळे मागत असतो. कोणी लक्ष मागतो, कोणी माया, तर कोणी भीती. आणि कोणता शब्द कोठे वापरला जातो, यावर कधी कधी माणसाचा जीवही अवलंबून असतो.

लक्ष मागणारा शब्द

‘सावधान’ हा शब्द संस्कृतातून आला. ‘अवधाना’सह, म्हणजे चित्त एकाग्र करून, असा त्याचा मूळ अर्थ. त्यात धोक्याचा मागमूसही नाही. नेवासे येथे १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले आहे ते हेच अवधान. आंध्र-तेलंगणात शंका, समस्या आणि व्यत्यय यांना एकाच बैठकीत तोंड देत पद्ये रचण्याच्या विद्येला ‘अष्टावधान’ म्हणतात, तेही याच अर्थाने.

मराठी माणसाला हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो बहुधा शाळेच्या कवायतीत, ‘विश्राम’च्या जोडीने. दुसऱ्यांदा भेटतो लग्नमंडपात. मंगलाष्टकांच्या अखेरीस उच्चारल्या जाणाऱ्या ‘सावधान’चा अर्थ ‘मुहूर्ताकडे लक्ष द्या’ एवढाच आहे. परंतु आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या नारायणाने हा शब्द ऐकताच बोहल्यावरून पळ काढला आणि पुढे तो समर्थ रामदास झाला, अशी आख्यायिका आहे. ‘लक्ष द्या’ आणि ‘धोका आहे’ या दोन अर्थांमधील अंतर किती थोडे आहे, हे त्या आख्यायिकेवरून दिसते. विजेच्या खांबावरचा ‘सावधान’ मात्र आता केवळ दुसराच अर्थ सांगतो.

चौकीदाराची भाषा

हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि उर्दू ही तेथील राजभाषा होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. राजवटी बदलल्या, तरी शब्द राहिले. अर्थात फारसी-अरबी शब्दांचा मराठीतील वावर निजामाहूनही जुना. शिवकाळात रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी बोलण्यातून ते शब्द हटले नाहीत.

‘खबरदार’ म्हणजे ज्याच्यापाशी खबर आहे असा. ज्याला वार्ता आहे तो सावध असतो, हा चौकी-पहाऱ्याचा हिशेब या शब्दात आहे. मराठीत त्याच्या दोन वाटा झाल्या. ‘खबरदारी’ हे नाम सरकारी पत्रकात सौम्यपणे वावरते, तर ‘खबरदार!’ हा उद्गार थेट धमकी ठरला. ‘होशियार’चेही तसेच. शुद्धीवर असलेला, भानावर असलेला हा त्याचा अर्थ. मराठीत तो ‘हुशार’ होऊन वर्गात पहिला येणाऱ्या मुलाला चिकटला. शेजारच्या कन्नडमध्ये ‘हुशारु’ म्हणजे जपून, आणि ‘हुशारिल्ल’ म्हणजे प्रकृती बरी नाही! एकच शब्द महाराष्ट्रात बुद्धी झाला आणि कर्नाटकात आरोग्य. सावध नसलेल्याला मराठी ‘गाफील’ म्हणते, तो शब्द अरबी. ‘बेसावध’ तर अर्धा फारसी, अर्धा संस्कृत. पण बोलणाऱ्याला त्यातला सांधा कधी जाणवत नाही.

काळजातील काळजी

घरातील सावधगिरीचे शब्द वेगळे आहेत. ‘जपून’ हा शब्द एकटा उभा राहत नाही. त्याला क्रियापद लागते. जपून चाल, जपून बोल, जपून खर्च कर. इंग्रजीतील ‘केअरफुल’ ही माणसाची अवस्था आहे, मराठीतील ‘जपून’ ही कृती करण्याची रीत आहे. शिवाय ज्याला जपायचे ते मोलाचे असते. सावध राहायचे ते शत्रूपासून किंवा कुत्र्यापासून. जपायचे ते स्वतःला, लेकराला, नात्याला.

‘काळजी’ आणि ‘काळीज’ हे शब्द कानाला एकाच घरचे वाटतात. साखऱ्यापासून जवळच वऱ्हाडाची हद्द सुरू होते आणि वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘कायजी’ ऐकू येते. कन्नडमध्येही ‘काळजी’ हा शब्द रुळलेला आहे. या शब्दाची गंमत अशी, की तो दोन विरुद्ध कामे करतो. ‘काळजी घे’ म्हणजे दक्ष राहा. ‘काळजी करू नकोस’ म्हणजे निश्चिंत राहा. इंग्रजीतील ‘केअर’चा इतिहासही असाच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दुःख, चिंता असा होता आणि ‘केअरफुल’ म्हणजे चिंतेने ग्रासलेला. चिंता करणारा दक्ष असतो, या अनुभवातून दोन्ही भाषांनी एकच वाट काढलेली दिसते.

शेजारी काय म्हणतात?

तेलुगूत सावध राहण्याला ‘जाग्रत्त’ म्हणतात, तमिळमध्ये ‘जाक्किरदै’. दोन्हींचे मूळ संस्कृत ‘जाग्रत’, म्हणजे जागा असलेला. कन्नडमधील ‘एच्चर’ या शब्दाचा अर्थ जाग आणि सावधपणा असा दुहेरी आहे. दक्षिणेकडील भाषांनी सावधगिरीचे नाते झोपेशी जोडले. मराठीतील ‘जागरूक’ आणि ‘जागता पहारा’ ही त्याच वळणाची उदाहरणे. गुजरातीत ‘संभाळवुं’ म्हणजे काळजी घेणे, पण ‘सांभळवुं’ म्हणजे ऐकणे. मराठी माणसाचा तेथे गोंधळ होतो खरा, परंतु ऐकणे आणि सांभाळणे यांतील अंतर एखाद्या मात्रेएवढेच असावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

आणखी दूर गेल्यास शरीराचा एकेक अवयव सावधगिरीच्या कामाला लावलेला दिसतो. जर्मन भाषेतील ‘फोरझिख्ट’ म्हणजे शब्दशः ‘पुढे पाहणे’. तेथे डोळा महत्त्वाचा. स्पॅनिशमधील ‘कुइदादो’ हा शब्द ‘विचार करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला, तेथे बुद्धी. रशियन ‘अस्तारोझ्ना’ या शब्दाच्या पोटात पहारेकरी आहे. जपानी माणूस निरोप देताना ‘की ओ त्सुकेते’ म्हणतो, म्हणजे चित्त जोडून ठेव. हे जवळजवळ आपले ‘अवधान’च. चिनी भाषेत तर ‘शिआओ शिन’ हे दोन शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ ‘लहान हृदय’! धोक्याच्या जागी काळीज आक्रसून घ्यावे, ही कल्पना मराठी कानाला मुळीच परकी वाटणार नाही.

ताक, दही आणि पाणी

व्याकरणही सावध करण्याच्या कामी येते. झाडावर चढलेल्या मुलाला मराठी आई ‘पडू नकोस’ म्हणण्याऐवजी ‘पडशील!’ म्हणते. भविष्यकाळ हाच इशारा होतो. रशियनमध्ये नकारार्थी आज्ञेसाठी सहसा क्रियापदाचे अपूर्ण रूप वापरतात. चुकून घडू शकणाऱ्या गोष्टीचा इशारा देताना मात्र पूर्ण रूप येते. म्हणजे जाणूनबुजून करायचे कृत्य आणि नकळत होणारा अपघात यांतील भेद तेथे क्रियापदच सांगते.

म्हणींत तर साऱ्या जगाचे तोंड एकदा पोळलेले आहे. मराठीत दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हिंदीत तो छाछ फुंकतो. तुर्की माणूस दही फुंकून खातो आणि रशियन माणूस पाणीच फुंकतो. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत पोळलेले मांजर थंड पाण्याला भिते. फारसीत सर्पदंश झालेला माणूस दोरीला घाबरतो. पदार्थ त्या त्या स्वयंपाकघरातला, अनुभव सगळ्यांचा.

न बोलण्याची सावधगिरी

कधी कधी भाषा सावध करत नाही, स्वतःच सावध राहते. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दिवा विझवला असे न म्हणता शांत केला म्हणतात. बांगडी फुटत नाही, ती ‘वाढवते’; दुकानही रात्री बंद न होता वाढवले जाते. ग्रामीण भागात साप चावला असे म्हणण्याऐवजी ‘पान लागले’ म्हणण्याची रीत आहे. अशुभाचे नाव घेतले की ते ओढवते, ही त्यामागची समजूत. समजूत म्हणून ती गोड आहे. मात्र दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टरांना ‘साप चावला’ हेच शब्द वेळ न दवडता सांगायला हवेत. घरच्या भाषेतील सावधगिरी आणि जीव वाचवणारी सावधगिरी यांचे मार्ग येथे वेगळे होतात.

बाटलीवरचा त्रिकोण

हा भेद सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो शेतात. २०१७ च्या खरिपात हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ज्या बाटल्यांमधून ते विष आले, त्या बाटल्यांवरही सावधगिरीची भाषा असतेच.

कीटकनाशक नियम, १९७१ नुसार बाटलीवर चौकोनी खूण असते. तिच्या खालच्या त्रिकोणात रंग आणि वरच्या त्रिकोणात इशारा असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. तेथे कवटी, हाडे आणि ‘विष’ हा शब्द. पिवळा म्हणजे त्याखालोखाल तीव्र, तेथेही ‘विष’. निळा म्हणजे मध्यम, तेथे ‘धोका’. हिरवा म्हणजे सर्वांत सौम्य, तेथे ‘सावधान’. म्हणजे रोजच्या बोलण्यात जे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात, त्यांची येथे चढती पायरी लावलेली आहे. ती पायरी ठाऊक नसेल, तर खूण फसवी ठरू शकते. सिग्नलवरचा हिरवा दिवा ‘जा’ सांगतो, खाद्यपदार्थाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो. बाटलीवरचा हिरवा त्रिकोण मात्र औषध निर्धोक असल्याचे सांगत नाही. हवामान खात्याचा पिवळा इशारा ‘लक्ष ठेवा’ एवढेच सांगतो आणि त्याच्या वर नारिंगी व लाल असतात. बाटलीवरचा पिवळा मात्र वरून दुसऱ्या पायरीवरचे विष आहे, निळ्याहून जहाल.

त्यातून माहितीपत्रकावर अनेक भाषा दाटीवाटीने छापलेल्या असतात. बारीक अक्षरांतील ‘काळजीपूर्वक हाताळा’ या वाक्याने फवारणी करणाऱ्या मजुराला काय कळावे? काळजी म्हणजे हातमोजे आणि तोंडावर मास्क. काळजी म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून न फवारणे, तुंबलेले नोझल तोंडाने न फुंकणे, काम सुरू असताना तंबाखू न मळणे, काम संपल्यावर अंग आणि कपडे साबणाने धुणे. ‘जपून’ या शब्दाला मराठीत क्रियापद लागते, हा व्याकरणाचा नियम येथे जीवन-मरणाचा नियम ठरतो. क्रियापद नसेल, तर इशारा अपुराच.

याचे चांगले उदाहरणही मराठवाड्यातच सापडते. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्याला ४.५ रिश्टर स्केलचा भूकंपाचा धक्का बसला आणि त्याच वर्षी १० जुलै रोजी तेवढ्याच तीव्रतेचा दुसरा. ‘घाबरू नका, सतर्क राहा’ हे नेहमीचे आवाहन झालेच. त्याच्या जोडीला मार्चमधील धक्क्यानंतर प्रशासनाने आणखी एक सूचना दिली होती: घरावरचे पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढून घ्यावेत. ‘सतर्क’ म्हणजे काय करायचे, हे त्या एका वाक्याने दाखवून दिले. कोणता धोका, कोठून येणार आणि हाताने काय करायचे, हे तिन्ही त्यात होते.

जनगणनेनुसार २०११ मध्ये हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५ होती. या लोकांत मराठीबरोबरच उर्दूचा दखनी बाज बोलणारे आहेत, बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलणारे आहेत. त्यांच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या फलकावर, पत्रकावर किंवा बाटलीवर ‘दक्षता बाळगावी’ असे छापणे सोपे आहे. त्याऐवजी घरातली माणसे उंबऱ्यापाशी जसे सांगतात तसे सांगता आले, तर उपयोग अधिक. कारण घरातून कोणी नुसते ‘दक्ष राहा’ म्हणत नाही. ‘ओल्या हाताने मोटारीचे बटण दाबू नको’ असे सांगते.