विश्लेषण : शेततळ्याचा कागद चांगला, पण जोड कुणाचा?

शेततळ्याला कागद टाकायचा ठरला की शेतकऱ्याची सारी चौकशी दोन प्रश्नांभोवती फिरते : किती मायक्रॉनचा आणि काय भाव? तो बसवणार कोण, हा प्रश्न बहुधा कागद विकत घेतल्यावर येतो. मग दुकानदारच एखाद्या फिटिंगवाल्याचा नंबर देतो आणि काम दोन-तीन दिवसांत उरकते. तळे गळते की नाही ते मात्र पुढच्या मार्च-एप्रिलमध्येच कळते. तोवर फिटिंगवाला दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो.

एक छिद्र किती पाणी नेते?

३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोलीचे, एकास एक उताराचे तळे घेऊ. त्याचा तळ २४ बाय २४ मीटर होतो आणि काठोकाठ भरल्यास त्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. तळाशी जोडात एक सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे करंगळीच्या टोकाएवढे छिद्र राहिले आणि खाली पाणी सहज झिरपू देणारा मुरूम असला, तर तीन मीटर पाण्याच्या दाबाखाली त्यातून सेकंदाला साधारण एक तृतीयांश लिटर पाणी निघते. दिवसाचा हिशेब होतो ३१ हजार लिटर. पाणी उतरते तसा दाबही कमी होतो, त्यामुळे तळे नेमके सत्तर दिवसांत कोरडे पडणार नाही. पण त्या काळात त्याचा मोठा हिस्सा जमिनीत जाईल. खाली घट्ट काळी माती असेल तर गळती बरीच कमी राहते. म्हणूनच सारखाच कागद, सारखाच ठेकेदार असूनही एकाचे तळे टिकते आणि शेजाऱ्याचे रिते होते.

याचा फटका कुठे बसतो हे निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला सांगावे लागत नाही. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात विहिरीतून उचलून साठवलेले पाणी एप्रिलच्या खरड छाटणीसाठी असते. या छाटणीनंतर फुटणाऱ्या काड्यांवरच पुढच्या हंगामाची फळधारणा ठरते. त्या दिवसांत तळे रिकामे असेल तर नुकसान यंदाच्या उन्हाळ्याचे राहत नाही, ते पुढच्या वर्षीच्या मालात दिसते. सांगोला-आटपाडीच्या डाळिंबवाल्यांची गोष्टही फार वेगळी नाही.

मायक्रॉनचा आकडा पुरेसा का नाही?

आधी एक जुना घोळ. प्लॅस्टिकच्या बाजारात ‘गेज’ आणि ‘मायक्रॉन’ ही दोन्ही मापे चालतात आणि चार गेज म्हणजे साधारण एक मायक्रॉन. ‘पाचशेचा कागद’ असे नुसते तोंडी ठरले आणि माल ५०० गेजचा आला, तर जाडी भरते १२५ मायक्रॉन. कोटेशनवर मायक्रॉन हा शब्द लिहून घेणे हा यावरचा फुकटचा उपाय आहे.

कागदही एका जातीचा नसतो. विणलेल्या एचडीपीई पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी थर चढवलेला एक प्रकार आहे. त्याच्यासाठी आयएस १५३५१ हे भारतीय मानक आहे. दुसरा, वीण नसलेला सपाट एचडीपीई कागद. सपाट कागदाचा मोठा फायदा असा की तो वजनावर तपासता येतो. ५०० मायक्रॉनच्या एका चौरस मीटरचे वजन ४७० ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. एक हात लांब-रुंद तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर नेला तरी फसवणूक उघडी पडते. विणीच्या कागदाचा पृष्ठभाग खालीवर असल्याने त्याची जाडी मोजणे अवघड. तिथे प्रति चौरस मीटर वजन किती ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि आलेल्या मालाशी ताडून पाहावे. कागदावर मानकाचा शिक्का असेल तर त्याबरोबरचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकून परवाना खरा की खोटा हे पाहता येते. काळा रंगही शोभेचा नाही. त्यातला कार्बन ब्लॅक उन्हापासून कागदाचे रक्षण करतो आणि चांगल्या एचडीपीई कागदात त्याचे प्रमाण दोन ते तीन टक्के असते. मोठी खरेदी असेल, सामूहिक तळे असेल तर नमुना तपासून घेण्याचा खर्च परवडतो. छत्रपती संभाजीनगरच्या ‘सिपेट’ केंद्रात प्लॅस्टिक चाचणीची सोय आहे.

हे सगळे जमून आले तरी अर्धीच लढाई झाली. वरच्या मापाच्या तळ्याला, काठावरच्या चरात गाडायचा भाग धरून, साधारण साडेपस्तीस मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे १,२६० चौरस मीटर कागद लागतो. सात मीटर रुंदीच्या रोलमधून तो करायचा तर सहा पट्ट्या आणि पाच जोड येतात. जोडांची एकूण लांबी पावणेदोनशे मीटर. रोल अरुंद असला तर आणखी जास्त. कारखान्यातून निघालेला कागद सहसा मधेच फाटत नाही. तो सुटतो जोडावर, कोपऱ्यात, किंवा खालच्या दगडावर. तिन्ही ठिकाणी हात ठेकेदाराच्या माणसांचा असतो.

जोड पक्का आहे हे कसे कळते?

शक्य असेल तर पट्ट्या कारखान्यातच जोडून एकसंध कागद मागवणे चांगले. तिथे धूळ, वारा आणि विजेचा खेळ नसतो. अडचण वजनाची : ५०० मायक्रॉनचा १,२६० चौरस मीटर सपाट कागद सहाशे किलोच्या घरात जातो. तो उचलून पसरायला माणसे पुरेशी हवीत, नाहीतर तो जमिनीवरून ओढला जातो आणि पाण्याचा थेंब पडण्याआधीच त्याला ओरखडे येतात.

शेतावर जोडायचे असेल तर ठेकेदाराला पहिला प्रश्न यंत्राचा विचारावा. ‘हॉट वेज’ यंत्र दोन कागदांच्या मधून गरम पाचर फिरवते आणि मागून रोलर दाब देतात. दुहेरी पाचरीच्या यंत्रात दोन समांतर जोड पडतात आणि त्यांच्या मधे एक पोकळ नळी राहते. ही नळीच तपासणीची सोय आहे. दोन्ही टोके बंद करून तिच्यात सुईने हवा भरायची आणि मापकावरचा काटा साधारण पाच मिनिटे टिकतो का ते बघायचे. इथे एक खोच आहे. काटा टिकला तरी काम संपत नाही. दुसऱ्या टोकाला नळी कापून हवा सोडायची आणि काटा शून्यावर येतो का ते पाहायचे. आला नाही, तर नळी मधेच कुठेतरी चिकटलेली आहे आणि पलीकडचा जोड तपासलाच गेलेला नाही. ही शेवटची कापाकापी जो ठेकेदार न सांगता करतो, त्याला आपले काम कळते असे खुशाल समजावे.

विणीच्या कागदात हवा विणीतूनही सरकू शकते, त्यामुळे तिथे या चाचणीवर भिस्त ठेवता येत नाही. तिथे जोडाच्या कडेने बोथट पेचकस फिरवून सुटलेली जागा शोधतात. कुठल्याही कागदाला लागू पडणारी परीक्षा मात्र ओढून पाहण्याची. सकाळी काम सुरू करताना टाकाऊ तुकड्यांवर जोड मारायचा, त्यातून इंचभर रुंदीची पट्टी कापायची आणि दोन पकडींनी दोन्ही पाती उलट दिशांना ओढायची. जोड चांगला असेल तर कागद ताणतो किंवा शेजारी फाटतो, जोड उकलत नाही. तो केळीच्या सालीसारखा सुटला तर यंत्राचे तापमान किंवा वेग चुकला आहे. हा चाचणी-जोड रोज, आणि काम थांबून पुन्हा सुरू झाल्यावर दर वेळी व्हायला हवा. शेतीपंपाच्या लाइनचा दाब वरखाली होतो हे सर्वांना ठाऊक आहे. पाचरीचे तापमान त्याच्याबरोबर हलते. स्वतःचा जनरेटर घेऊन येणारा ठेकेदार थोडा महाग वाटला तरी त्या पैशाला अर्थ आहे.

ऊन, वारा आणि खालची जमीन

काळा एचडीपीई कागद उन्हात चांगलाच प्रसरण पावतो. ३० मीटर लांबीचा कागद ४० अंशांच्या फरकाने १५ ते २० सेंटिमीटर लांब होतो. दुपारी ताणून बसवला आणि लगेच चरात गाडला, तर पहाटेच्या गारव्यात तो आखडतो. कोपऱ्यात ताशासारखा ताणून जमिनीपासून सुटतो. त्यावर पाण्याचा भार आला की ताण जोडावर जातो. त्यामुळे कागद थोडा सैल सोडायचा, जोडकाम सकाळी उरकायचे आणि चर थंड वेळी भरायचा. ‘एका दिवसात करून देतो’ म्हणणाऱ्याला याच कारणाने दोनदा विचारावे, कारण त्याचे जोड भर दुपारीच पडणार.

जमीन तयार करणे कुणाचे काम, यावरून सर्वाधिक भांडणे होतात. पोकलेनवाला खोदून जातो, फिटिंगवाला कागद टाकून जातो, आणि मधले टोकदार दगड, मुळ्या, पोकलेनच्या दातांचे ओरखडे कुणाचेच नसतात. पुढे गळती निघाली की फिटिंगवाला जमिनीकडे बोट दाखवतो. म्हणून करारात एक ओळ हवी : ठेकेदाराने जमीन पाहिली, ती कागद टाकण्यायोग्य आहे, अशी त्याची सही. सहीची वेळ आली की तो स्वतःच दगड वेचायला माणसे लावतो. खडकाळ जागी मऊ गाळलेल्या मातीचा थर किंवा जाड जिओटेक्स्टाइल खाली घालावे लागते. भराव टाकून उचललेले बांध नीट दाबलेले नसतील तर पहिल्या पावसात बसतात आणि कागदाला खाली ओढतात. जिथे पावसाळ्यात भूजल वर येते, तिथे रिकाम्या तळ्यात कागद फुग्यासारखा उचलला जातो. अशा जागी खालून पाणी निघून जाण्याची वाट आधीच करावी लागते. पसरलेल्या कागदावर वाळूच्या गोण्या नसतील तर एका वावटळीत सगळी मेहनत शेजारच्या रानात जाते.

पाइपसाठी कागदाला भोक पाडू देऊ नये. पाणी काठावरून आत सोडता येते आणि काठावरूनच उपसता येते. पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे हाताने मारलेला जोड, आणि हाताचा जोड नेहमीच कच्चा दुवा.

जुनी तळी काय सांगतात?

ठेकेदार मोबाइलवर नव्याकोऱ्या, निळ्याशार तळ्यांचे फोटो दाखवतो. त्यातून काहीच कळत नाही. त्याने तीन-चार वर्षांपूर्वी केलेली दोन तळी मे महिन्यात, पाणी खाली असताना पाहून यावे. कोपरे, जोड आणि सतत उन्हात राहणारा वरचा पट्टा बघावा. आणि त्या शेतकऱ्याला एवढेच विचारावे की फोन केल्यावर हा माणूस आला का. उंदीर-घुशींनी कुरतडलेला, खेकड्यांनी भोके पाडलेला किंवा जनावराच्या खुराने फाटलेला कागद ही ठेकेदाराची चूक नाही. पण ठिगळ लावायला तो येतो की नाही, हे त्याचेच.

गॅरंटीचा कागदही वाचून घ्यावा. कंपनीची हमी बहुधा मालाची असते, जोडाची नाही. ठेकेदाराची जोडकामाची हमी वेगळी, लेखी आणि मुदतीसह हवी. दर ‘चौरस मीटरला’ सांगितला असेल तर कोणता चौरस मीटर ते ठरवावे : जोडावर एकमेकांवर चढणारा आणि चरात जाणारा कागद धरून की न धरता. अनुदान घ्यायचे असेल तर महाडीबीटी पोर्टलवर पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी करू नये आणि बिल पक्के घ्यावे. हातात सर्वात मोठे हत्यार मात्र शेवटच्या हप्त्याचे असते. दहा टक्के रक्कम तळे भरून तपासेपर्यंत राखण्याची अट ज्याला मान्य नाही, त्याच्या मनात स्वतःच्या जोडाबद्दल काय आहे हे तिथेच समजते.

ती तपासणी सोपी आहे. तळे भरावे, आवक-उपसा बंद ठेवावा आणि खुणा केलेली काठी रोवावी, मात्र कागदावर नव्हे, काठाला बांधून. शेजारी पाण्याने भरलेली बादली अर्धी तळ्यात बुडेल अशी अडकवावी. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी रोज साधारण ८ ते १० मिलिमीटर उतरते. बादलीतही जवळपास तेवढेच उतरेल. काठोकाठ भरलेल्या तळ्यात एक सेंटिमीटर म्हणजे नऊ हजार लिटर. बादली एक सेंटिमीटर आणि तळे चार सेंटिमीटर उतरले, तर मधले तीन सेंटिमीटर, म्हणजे रोजचे २७ हजार लिटर, कागदाखाली जात आहेत.

कामाच्या यादीत आणखी एक गोष्ट कोटेशनमध्येच लिहून घ्यावी, कारण ती नंतर राहून जाते. ओला कागद इतका निसरडा असतो की आत पडलेल्या पोहणाऱ्या माणसालाही उतारावरून वर येता येत नाही. राज्यात शेततळ्यांत बुडून मुले आणि त्यांना वाचवायला उतरलेली मोठी माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. चारही बाजूंना काठावर पक्के बांधलेले, तळापर्यंत पोहोचणारे गाठींचे दोर किंवा दोराच्या शिड्या, पाण्यावर हवा भरलेली ट्यूब आणि भोवती कुंपण. यातले दोर बांधण्याची जागा कागद चरात गाडतानाच सोडावी लागते. नंतर खुंट ठोकायला गेले की तो कागदातूनच जातो.