विहीणबाईंशी बोलण्यासाठी ग्रानादाला

आमचा मुलगा स्पेनमध्ये मालागाला नोकरी करतो. 2018 साली त्याचं तिथेच लग्न झालं. सून मोरोक्कन घराण्यातली, पण जन्म आणि शिक्षण स्पेनचं. निकाहसाठी आम्ही दोघं रत्नागिरीहून गेलो आणि चार दिवस विहीणबाईंच्या समोर बसून नुसतं हसत राहिलो. त्यांना स्पॅनिश आणि मोरोक्कोची बोली अरबी येते; आम्हाला मराठी, उर्दू आणि कामापुरती इंग्रजी. कुरआन शरीफ आयुष्यभर वाचलं, पण त्यातून गप्पा मारायची अरबी येत नाही. सलाम झाला, अल्हमदुलिल्लाह झालं, की पुढे शांतता. मुलगा आणि सून दुभाष्याचं काम करत, पण मुलांच्या मार्फत मन मोकळं करता येत नाही.

मग नात झाली. माशाअल्लाह, चार वर्षांची असताना व्हिडिओ कॉलवर ती आमच्याशी मिनिटभर स्पॅनिशमध्ये काहीतरी आवेशानं बोलली आणि उत्तराची वाट पाहत थांबली. आम्ही नेहमीसारखे हसलो. ती कंटाळून निघून गेली. त्या रात्री आम्ही ठरवलं की आता शिकायचं. एकाचं वय 67, दुसऱ्याचं 63.

शिकायचं कुठे?

चौकशी केल्यावर कळलं की स्पॅनिश त्या देशात राहूनच शिकायची सोय फार ठिकाणी आहे. सकाळी चार तासिका, दुपारी शहर, आणि राहायला एखाद्या स्थानिक कुटुंबात. म्हणजे क्लास सुटला तरी भाषा सुटत नाही. सालामांकाचं विद्यापीठ 1218 सालचं आहे आणि तिथली भाषा स्वच्छ, ठाशीव समजली जाते. ग्वाटेमालातल्या अँटिग्वा गावात एका विद्यार्थ्याला एक शिक्षक अशी पद्धत आहे आणि खर्च कमी, पण आपल्याकडून ते फार लांब. आम्ही ग्रानादा निवडलं. उर्दू पुस्तकांत आपण ज्याला गरनाता म्हणून वाचतो तेच हे शहर. मालागा तिथून बसनं दोन तासांच्या आत. शिवाय तिथे मशीद आहे, हलाल मटण मिळतं, आणि वयस्कांसाठी वेगळे, सावकाश चालणारे वर्गही काही शाळांत आहेत.

जायच्या आधी सहा महिने आम्ही घरी अभ्यास केला. अंक, वार, रोजची वाक्यं. हे केलं नसतं तर पहिले दोन आठवडे बाराखडीतच गेले असते. दिल्लीत स्पेन सरकारची सर्व्हान्तेस संस्था आहे, तिचे वर्ग ऑनलाइनही असतात. परदेशी भाषेच्या पायऱ्या युरोपात ए-वन ते सी-टू अशा सहा मानतात. आम्ही ए-वनच्याही खाली होतो.

पहिला आठवडा, दुसरा आठवडा

ऑक्टोबरच्या एका सोमवारी लेखी-तोंडी चाचणी झाली आणि आम्हाला वर्गात बसवलं. वयस्कांचा गट त्या आठवड्यात भरला नव्हता, म्हणून विशीतल्या मुलांबरोबर. मुलं हुशार आणि प्रेमळ, पण वेग त्यांचा. शिक्षिका प्रश्न विचारी, आम्ही मनात मराठीत वाक्य जुळवू, तेवढ्यात तिसराच कोणी उत्तर देऊन मोकळा. अंदालुसिया प्रांतातले लोक शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. वहीतला शब्द वेगळा, कानावर पडणारा वेगळा. वय झाल्यावर कानही थोडे मंदावतात, हे कबूल करायला आम्हाला दहा दिवस लागले.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी आम्ही वर्ग बुडवला. आदल्या दिवशी पाठ केलेले वीस शब्द सकाळी आठवेनात. बाकावर बसून एकमेकांना म्हणालो, या वयात हा हट्ट कशाला? पैसे गेले तर गेले, मालागाला जाऊन नातीजवळ राहू. पण नातीजवळ जाऊन पुन्हा हसतच बसायचं, हेही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला खरं काय ते सांगितलं. तिनं आम्हाला पुढच्या बाकावर घेतलं आणि एक वाक्य पक्कं करून दिलं: 'मास देस्पासिओ, पोर फावोर', म्हणजे जरा सावकाश, कृपा करून. तिसऱ्या आठवड्यापासून वयस्कांचा गट सुरू झाला. त्यात एक जपानी निवृत्त नर्स होत्या आणि दोन जर्मन बहिणी. सगळ्यांची विसरण्याची तऱ्हा सारखीच, त्यामुळे लाज गेली. लाज गेल्यावर जीभ सुटली.

मराठी येत असल्याचा फायदा

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. इंग्रजीमार्गे शिकणाऱ्यांना स्पॅनिश जिथे अडते, तिथे मराठी माणूस सहज पुढे जातो. 'मे गुस्ता एल ते' या वाक्याशी जर्मन बहिणी दोन दिवस झगडत होत्या, कारण तिथे आवडणारा माणूस कर्ता नसतो, चहा कर्ता असतो. आपण काय म्हणतो? 'मला चहा आवडतो.' अगदी तेच! दुसरं उदाहरण: आपण 'घर पाहतो', पण 'मुलीला पाहतो'. माणूस असला की 'ला' लागतो. स्पॅनिशमध्येही माणसाच्या आधी 'आ' येतो, घराच्या आधी येत नाही. शिक्षिकेनं नियम पुरा करण्याआधीच आम्ही मान डोलावली.

तू आणि आपण हा फरकही तिथे आहे, 'तू' आणि 'उस्तेद'. लिंगं दोनच, आपल्याकडे तीन. स्वर पाच आणि ते जसे लिहिले तसे बोलले जातात, म्हणून आम्ही सगळे उच्चार देवनागरीतच लिहून ठेवले. आणि इंग्रजीभाषकांना घशातून काढावा लागणारा त्यांचा 'ख' लहानपणी मकतबात बसलेल्याला शिकवावा लागत नाही.

शब्दांची ओळख तर घरातलीच निघाली. आपल्या भागात पोर्तुगीजांनी सोडलेले शब्द स्पॅनिशचे चुलत भाऊ आहेत: बालदीला 'बाल्दे', बटाट्याला 'पाताता', चावीला 'यावे', साबणाला 'खाबोन'. आपला मेस्त्री तिथे 'माएस्त्रो' होऊन शाळेत शिकवतो. दुसरीकडे अरबी शब्द. 711 ते 1492 या काळात त्या भूमीच्या लहान-मोठ्या भागावर मुसलमानांचं राज्य होतं, आणि सत्ता गेली तरी शब्द राहिले. साखर 'असूकार', तांदूळ 'अर्रोस', कापूस 'अल्गोदोन', ऑलिव्ह 'असेइतूना' म्हणजे आपलं जैतून. गावचा महापौर 'अल्काल्दे', तो मुळात 'अल-काझी'. खोकल्याचं औषध 'खाराबे', आपल्या शरबतचं भावंड. 'उद्यापर्यंत' म्हणताना येणारा 'आस्ता' हा अरबीतला 'हत्ता', जो सूरह कद्रच्या अखेरीस आपण रोज वाचतो. आणि 'असं झालं तर किती बरं' या अर्थी ते 'ओखाला' म्हणतात. त्यात अल्लाहचं नाव दडलेलं आहे हे बोलणाऱ्या अनेकांना ठाऊकही नसतं.

जेवण आणि नमाज

घरमालकीणबाई साठीच्या, एकट्या राहणाऱ्या, मायाळू. पहिल्याच दिवशी 'डुक्कर खात नाही, दारू घेत नाही' हे वाक्य आम्ही पाठ करून म्हटलं. त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी मसुराच्या आमटीत लाल चकत्या दिसल्या. विचारलं तर म्हणाल्या, हे मांस नाही, हे चोरीसो आहे! चवीपुरतं घातलेलं डुकराचं सॉसेज तिथे अनेकांच्या लेखी 'मांस' या हिशेबात येतच नाही. आम्ही ताट बाजूला ठेवलं, त्या ओशाळल्या. मग आम्ही त्यांना घेऊन चहाच्या दुकानांनी भरलेल्या कालदेरेरीया गल्लीच्या बाजूला गेलो, हलाल दुकानातून मटण आणलं, नवं पातेलं घेतलं. तेव्हापासून त्या स्वतः विचारून रांधू लागल्या. धडा एवढाच: नुसतं 'मांस नको' म्हणू नका. जामोन, चोरीसो, चरबी, वाइन अशी नावं घेऊन सांगा, आणि शाळेला आधीच लेखी कळवा.

नमाजचं वेळापत्रक ऑक्टोबरात फार सोयीचं आहे. सूर्य आठनंतर उगवतो, म्हणून फजर निवांत होते. क्लास एकला सुटतो आणि जोहर दोनच्या सुमारास लागते. जून-जुलैमध्ये मात्र मगरिब साडेनऊनंतर आणि इशा मध्यरात्रीच्या जवळ जाते, शिवाय ऊन कडक. आपल्या वयाच्या लोकांनी वसंत किंवा शरद ऋतूच निवडावा.

जुम्याला आम्ही अल्बाइसिन टेकडी चढून मशिदीत जात असू. ही मशीद 2003 साली सुरू झाली. शहरात मशीद उभी राहायला मध्ये पाचशे वर्षं गेली. तिच्या अंगणातून समोर अल-हम्रा दिसतो, ज्याच्या भिंतींवर अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही, हे पुन्हा पुन्हा कोरलेलं आहे. 1492 च्या जानेवारीत हे शहर मुसलमानांच्या हातून गेलं आणि त्याच वर्षी नेब्रिहा नावाच्या विद्वानानं स्पॅनिशचं पहिलं व्याकरण छापलं. ज्या भाषेनं इथली अरबी मागे सारली, तीच आम्ही इथे शिकत होतो. पहिल्या शुक्रवारी मन जड झालं. चौथ्या शुक्रवारी स्पॅनिश बोलण्यातली सबरवरची दोन-तीन वाक्यं सरळ समजली, आणि जाणवलं की आज हीच भाषा कितीतरी मुसलमानांच्या घरातली भाषा आहे. आमच्या नातीचीसुद्धा. भाषांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक आहे, हे सूरह रूममध्ये आपण वाचतोच.

जाणाऱ्यांसाठी थोडं

आम्ही दोघं एकत्र गेलो याचा तोटाही झाला, कारण घरी आलो की मराठी सुरू. शेवटी नियम केला: मगरिबपर्यंत मराठी बंद. त्या दिवसापासून प्रगती दिसू लागली. सान अगुस्तीनच्या बाजारात रोज एक तरी वस्तू बोलून आणायची, हा दुसरा नियम.

व्हिसा शेंगेनचा लागतो. त्यावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि किमान 30,000 युरोचा प्रवास विमा सक्तीचा असतो. आपल्या वयात विम्याचं पत्रक नीट वाचा, जुने आजार त्यात धरलेत का ते पाहा. औषधं पूर्ण मुदतीची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. ग्रानादा चढ-उताराचं, दगडी गल्ल्यांचं शहर आहे. गुडघे दुखत असतील तर सपाट भागातलं घर मागा. आणि चार आठवड्यांत भाषा येईल अशी जाहिरात कोणी केली तर विश्वास ठेवू नका. चार आठवड्यांत आम्ही ए-वनची पायरी चढलो, इतकंच. पण ती पायरी रोजच्या घरगुती बोलण्यापुरती होते.

मालागाचं जेवण

क्लास संपल्यावर आम्ही मालागाला गेलो. विहीणबाईंनी कुसकुस केलं होतं. मुलगा आणि सून मुद्दाम नातीला घेऊन बाहेर गेले. आम्ही तिघं उरलो. थोडा वेळ हवा-पाणी, तब्येत झाली. मग त्यांनी हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं: लग्नात तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझी मुलगी तुम्हाला पसंत नव्हती का?

इतकी वर्षं त्या हे मनात घेऊन बसल्या होत्या. आमचं हसणं त्यांना नाराजी झाकण्याचं वाटलं होतं.

खोटं बोलण्याएवढी स्पॅनिश आम्हाला येत नव्हती आणि बोलायचंही नव्हतं. आम्ही म्हणालो, सुरुवातीला, नाही. मुलगा लांब राहणार म्हणून भीती होती. आता, हो. ती आमची मुलगी आहे. व्याकरण दोन ठिकाणी चुकलं असेल. त्यांनी आमचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्यांनीही सांगितलं की त्यांनासुद्धा भीती होती, मुलगी हिंदुस्थानात निघून जाईल याची.

आता दर रविवारी त्यांचा आवाजी निरोप येतो. आम्ही तो तीन-चारदा ऐकतो, वहीत नवे शब्द लिहितो आणि उत्तर देतो. नात आमच्या चुका दुरुस्त करते, त्यात तिला फार मजा येते. इल्म मिळवायला वयाची अट नाही, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. आपल्यापैकी किती घरांतली मुलं आज परदेशात आहेत, तिथे सुना-जावई आलेत, नातवंडं वेगळीच भाषा बोलताहेत. ती भाषा कोणतीही असो, तिची पहिली शंभर वाक्यं आजी-आजोबांनी शिकावीत. परदेशी जाणं प्रत्येकाला जमेलच असं नाही, पण सुरुवात घरच्या टेबलावरही होते. इन्शाअल्लाह, उपयोग नक्की होईल.