एजन्सी घेण्याआधी कारखाना बघा: हडपसरमधली एक भेट

व्हिडिओमध्ये कारखाना तुम्ही पाहिलाच असेल. पण कॅमेरा चालू असताना हिशोब नीट सांगता येत नाही, म्हणून तो इथे लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. माझं दुकान सासवड रोडला आहे. दोन वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका कंपनीचा फोन आला, "सर, इलेक्ट्रॉनिक तानपुरा ठेवा, पुण्यात तुफान चालतो." मी फोनवरच दहा मशीन मागवल्या. खरेदी ५,००० ला, विक्री ६,००० ला. म्हणजे दहा मशीनमागे १०,००० रुपये सुटणार. दहाही विकल्या गेल्या, मी खूश!

तीन महिन्यांत तीन परत आल्या. एक आपोआप बंद पडायची, दोन गरम झाल्या की सूर सोडायच्या. कंपनीकडे पाठवल्या, दुरुस्तीला पाच आठवडे लागले. कुरिअरचे १,८०० गेले. दोन गिऱ्हाइकांनी थांबायला नकार दिला, त्यांना पूर्ण पैसे परत दिले. त्या दोन मशीन नंतर जुन्या म्हणून ४,००० ला विकल्या, म्हणजे तिथे आणखी ४,००० चा फटका. हातात उरले ४,२००. आणि ज्या गायनाच्या सरांनी माझ्याकडे विद्यार्थी पाठवले होते, त्यांनी पाठवणं बंद केलं. गांधर्वची परीक्षा तोंडावर आणि मुलांकडे तानपुरा नाही, सर चिडणारच. तो तोटा वहीत लिहिता येत नाही.

गंमत म्हणजे असाच माल बनवणारा एक छोटा कारखाना माझ्या दुकानापासून दुचाकीवर पंधरा मिनिटांवर, हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होता. नाव देत नाही, कारण ही जाहिरात नाही.

ही वस्तू नेमकी काय आहे?

खरा तानपुरा म्हणजे भोपळा, लाकूड, तारा. आपल्याकडे त्यासाठी मिरज प्रसिद्ध. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. पण तो सांभाळायला नाजूक, लावायला कान लागतो आणि प्रवासात नेणं कठीण. यावर बंगळुरूचे इंजिनिअर आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. त्यांची राडेल कंपनी आजही या धंद्यातलं मोठं नाव आहे. गायकाची अडचण स्वतः गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला कळली आणि त्यातून धंदा उभा राहिला, हे लक्षात ठेवा.

कारखान्यात मी काय पाहिलं?

तीन टेबलं. पहिल्यावर जोडणी: सर्किट बोर्ड, स्पीकर, बटणं, डबा. दुसऱ्यावर तपासणी. इथे प्रत्येक मशीन काही तास सलग चालू ठेवतात. कच्चा भाग असेल तर तो गरम झाल्यावर इथेच दगा देतो, गिऱ्हाइकाच्या घरी नाही. मग ट्यूनरवर सूर तपासतात आणि शेवटी गाणं शिकलेल्या एक ताई कानाने ऐकून पास करतात. माझ्या त्या दोन मशीन या टेबलावरून सुटल्याच नसत्या.

तिसरं टेबल दुरुस्तीचं. खरं शिक्षण मला तिथे मिळालं. प्रत्येक जुन्या मशीनला चिठ्ठी होती: कधी विकली, काय बिघडलं. बहुतेक चिठ्ठ्यांवर तेच ते: अ‍ॅडॅप्टरची पिन ढिली, आवाजाचं बटण खरखरतंय. म्हणजे गिऱ्हाइकाला देतानाच "पिन ओढू नका, सरळ काढा" एवढं सांगितलं तरी निम्मी कटकट वाचते!

दुकानात काय शिकलो?

कारखान्याला लागूनच त्यांचं छोटं दुकान आहे. एक आई मुलीला घेऊन आली होती. काउंटरवरच्या दादांनी किंमत सांगितली नाही, आधी विचारलं, "पट्टी कोणती? काळी चार की काळी पाच?" मग त्या पट्टीत मशीन लावून मुलीला सा लावायला सांगितलं. मुलीने सूर धरला, आईने पैसे काढले.

मी मालकांना अडचणीचाच प्रश्न विचारला, "काका, फोनवर फुकट तानपुरा मिळतो. हे कोण घेणार?" ते म्हणाले, "नवीन शिकणारा अ‍ॅपवरच सुरू करतो, ते गिऱ्हाईक गेलं. पण रियाजात मधेच फोन वाजतो, आवाज बारीक पडतो, क्लासमध्ये मुलांच्या हातात मोबाईल नको असतो. तेव्हा तो आमच्याकडे येतो." म्हणजे आपलं गिऱ्हाईक नवशिक्या नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, क्लास आणि भजनी मंडळ हे आपलं गिऱ्हाईक.

एजन्सी घेण्याआधी हे पाच प्रश्न विचाराच:

१. माल बाहेर पडण्याआधी किती तास चालवून बघता?
२. दुरुस्तीला किती दिवस? तोपर्यंत बदली मशीन देणार का?
३. कुरिअरचा खर्च कोणाचा?
४. तुमच्या स्वतःच्या दुकानात डीलरपेक्षा जास्त सूट देता का? देत असतील तर गिऱ्हाईक तुमच्याकडे भाव विचारेल आणि तिकडे जाऊन घेईल.
५. बिलावर एचएसएन कोड आणि जीएसटी काय लागतो? हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना करमाफी आहे म्हणून विजेच्या वाद्यालाही ती असेल असं धरू नका, सीएला विचारा.

मी यावेळी फक्त दोन मशीन घेतल्या, अटी लिहून घेऊन. एक दुकानात ठेवली. दुसरी त्या नाराज सरांकडे नेली आणि म्हटलं, "सर, पंधरा दिवस वापरा, पटली तरच बोलू." सोळाव्या दिवशी सरांनी मशीन परत केली नाही, पैसे पाठवले. विद्यार्थी अजून पाठवलेले नाहीत. पण फोन उचलायला लागलेत, आणि मला सध्या तेवढं पुरे आहे.

तुमचा गृहपाठ: तुम्ही जी वस्तू विकणार आहात, ती बनते कुठे ते शोधा आणि या आठवड्यात तिथे जाऊन या. दुरुस्तीचं टेबल दाखवायला नाही म्हणाले, तर पैसे खिशातच ठेवा.