पंधराव्या बाइटमधला ऱ्हस्व-दीर्घ

रायपूरच्या मराठी घरात पत्रिका छापायची म्हणजे छापखान्यात एक वाद ठरलेला. आपण 'रायपूर' लिहून द्यायचं आणि प्रुफात 'रायपुर' यायचं. हिंदी पाट्यांवर 'पु' ऱ्हस्व. मराठीत मात्र गावाच्या नावातलं 'पूर' दीर्घ लिहायचा नियम. संगणकाच्या मेमरीत हा वाद नेमका कुठे बसलेला असतो, ते बघता येतं.

त्यासाठी जीडीबी लागतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला हा डीबगर लिनक्सवर आजही रोजच्या वापरात आहे. दिसायला रुक्ष, टर्मिनलवर हुकूम टाइप करायचे, बस्स. पण चालता प्रोग्राम तो मधेच थांबवतो आणि मेमरीतल्या कुठल्या पत्त्यावर काय पडलंय ते उघडून दाखवतो.

सी भाषेत चार ओळींचा प्रोग्राम लिहा. एका व्हेरिएबलमध्ये गावाचं नाव, दुसऱ्यात पिन कोड, ४९२००१. कंपाइल करताना 'उणे जी' द्यायला विसरू नका, नाहीतर डीबगरला व्हेरिएबलची नावंच कळत नाहीत. ब्रेकपॉइंटवर प्रोग्राम थांबला की कामाचा हुकूम एकाच अक्षराचा: एक्स. पुढे तिरकी रेघ, मग किती घटक हवेत, कोणत्या रूपात आणि किती मापाचे.

पिनच्या पत्त्यावरचे चार बाइट सोळाच्या पायात मागवले तर उत्तर येतं: ई१, ८१, ०७, ००. ४९२००१ त्या पायात ७८१ई१ होतात, म्हणजे आकडा उलटा ठेवलेला! आपल्या घरातल्या बहुतेक संगणकांचे प्रोसेसर लहान टोकाकडून सुरुवात करतात. या पद्धतीला 'लिटल-एंडियन' हे नाव डॅनी कोहेन यांनी १९८० साली दिलं. गलिव्हरच्या गोष्टीत अंडं कोणत्या टोकाने फोडायचं यावरून भांडणारे लोक आहेत ना, तिथून उचललेलं. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणाऱ्यांनी त्यांना हसू नये.

आता नावाकडे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना आणि उकारही वेगळे मोजले जातात. र, काना, य, प, दीर्घ उकार, र, असे १८ बाइट. जीडीबी ते एका ओळीत आठ या हिशेबाने मांडतो. दुसऱ्या ओळीतला सातवा बघा, म्हणजे एकूण पंधरावा: ८२. 'रायपुर' लिहिलं असतं तर तिथे ८१ दिसलं असतं. बाकीचे सतरा तेच.

आणि ८१ तर आत्ताच पिनमध्ये भेटला होता! तिथे तो आकड्याचा तुकडा, इथे उकाराचा. मेमरीत कुठेही 'हा आकडा' किंवा 'हे अक्षर' असं लिहिलेलं नसतं. विचारणाऱ्याने रूप सांगायचं. चुकीचं रूप मागितलं तर जीडीबी तक्रार न करता चुकीचंच दाखवतो. नवशिके इथे तासन्‌तास अडकतात.

बघणं झालं की बदलताही येतं. 'सेट' हुकमाने पंधराव्या बाइटमध्ये ८१ भरा (मोजणी शून्यापासून, म्हणून तिथे १४ लिहायचं) आणि प्रोग्राम पुढे चालू द्या. पडद्यावर 'रायपुर' उमटतं. डिस्कवरच्या फाइलला मात्र धक्का लागलेला नसतो. प्रोग्राम पुन्हा चालवला की 'पू' दीर्घ.