नागनाथाचे शिखर आणि महेश्वरची खासगी

औंढ्याच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना नजर खालच्या थरांवरच खिळते. हत्तींची रांग, वर देवदेवता, दिक्पाल आणि कोनामागून कोन काढत गेलेली यादवकालीन काळी भिंत. मान वर केली की काम एकदम बदलते. शिखर पांढरे, चुनेगच्ची, खालच्या बांधणीशी न जुळणारे. मूर्तिशास्त्राचे जाणकार इथे नाक मुरडतात. मला मात्र हा सांधाच देवळाचा सर्वांत बोलका भाग वाटतो. वरचा भाग औरंगजेबाच्या काळात पडला आणि आजचे काम अहिल्याबाई होळकरांनी करवले, अशी परंपरा आहे.

अहिल्याबाईंचा कारभार चाले नर्मदाकाठच्या महेश्वरहून, १७६७ ते १७९५. हा मराठवाडा तेव्हा निजामाकडे. मग दुसऱ्याच्या मुलखातल्या देवळावर माळव्याच्या बाई खर्च करतात, तो कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या मुभेने?

पैशाचे उत्तर होळकरांच्या हिशेबात आहे. तिथे दोन खाती असत. दौलत म्हणजे राज्याचा वसूल. फौज, तोफा, पेशव्यांचा भरणा त्यातून. खासगी म्हणजे राणीची स्वतःची जहागीर. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी ती मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे दिली, पुढे ती त्यांच्या सुनेकडे, म्हणजे अहिल्याबाईंकडे आली. काशी, सोमनाथपासूनची बांधकामे, घाट, अन्नछत्रे यांचा खर्च या खात्यावर. फौजेचा भार तुकोजी होळकरांवर होता आणि मोहिमेवरून ते सतत पैसा मागत. बाई दौलतीचा हिशेब विचारत, खासगीला हात लावू देत नसत. या दोघांत सुखाचे दिवस फार थोडे गेले. भोळी, देवभक्त विधवा असे जे चित्र शाळेच्या पुस्तकाने आपल्याला दिले, त्यात ही हिशेबाला पक्की बाई बसत नाही. चंद्रावत राजपुतांचे बंड कठोरपणे मोडणारीही हीच बाई.

इथे इंग्लंडची पहिली एलिझाबेथ आठवते. ती १५५८ मध्ये गादीवर आली, तेव्हा राज्य धर्मावरून फाटलेले होते. वडील आठव्या हेन्रीने मठ मोडून त्यांच्या जमिनी खालसा केल्या होत्या. सावत्र बहीण मेरीने पुन्हा पोपची सत्ता आणली होती. एलिझाबेथने १५५९ च्या कायद्याने चर्च राणीच्या हुकमतीखाली घेतले, एकच प्रार्थनापुस्तक लावले आणि रविवारी चर्चला न जाणाऱ्याला बारा पेन्स दंड ठेवला. मठ गेल्यावर भिकाऱ्या-अनाथांना विचारणारे कोणी उरले नव्हते. अखेर १६०१ च्या कायद्याने ते काम प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे गावकीवर, कर बसवून सोपवले. राज्य हद्दीच्या आत घट्ट होत गेले, धर्म त्या राज्याचे एक खाते झाला.

अहिल्याबाईंनी धर्म हद्दीबाहेर नेला. पेशव्यांचे सरदार असलेल्या घराण्याला स्वतंत्र राज्याचा दावा करता येत नव्हता. पण काशीत, गयेत, सोमनाथला, निजामाच्या औंढ्यात होळकरांचे नाव दगडात उभे राहिले. एक शिपाई न पाठवता मिळवलेला हा मान होता, आणि तो मिळवण्यात राजकारण नव्हते असे मानायला मी तयार नाही.

मुभेचे उत्तर जॉन माल्कम देतो. १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहताना त्याने बाईंना पाहिलेल्या म्हाताऱ्यांकडून माहिती गोळा केली. त्याचा ग्रंथ १८२३ चा. निजाम आणि टिपू पेशव्यांइतकाच बाईंना मान देत, असे तो लिहितो. हा माल्कम ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा चाकर, तिला सनद दिली होती एलिझाबेथनेच, ३१ डिसेंबर १६०० रोजी. कंपनीच्या माणसाने शत्रूच्या राणीची इतकी वाखाणणी करावी, याला वजन आहे. मात्र तिच्यानंतरचे होळकर जितके बेबंद दिसतील तितका इंग्रजी अंमल शहाणा ठरणार होता, हेही विसरू नये.

माल्कमनेच नोंदवलेली एक हकीकत. इंदुरात एक धनवान सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींची छावणी जवळच होती. मालमत्तेतला वाटा घ्यायचे घाटत होते. सावकाराची विधवा थेट महेश्वरला गेली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन तिचा हक्क मान्य केला आणि तुकोजींना शहरापासून छावणी हलवण्याचा हुकूम धाडला. एलिझाबेथच्या दरबारात याच प्रकारच्या प्रश्नाला ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’ नावाचे खाते होते. अज्ञान वारसांचे पालकत्व ते विकत असे आणि त्यावर सरकारची नि बर्लीसारख्या मंत्र्याची कमाई होई. वाड्यावर जाऊन दाद मागणारी विधवा भाग्यवान खरी, पण तिचे भाग्य एका बाईच्या हयातीवर टांगलेले होते. इंग्लंडचे खाते अन्यायी होते तरी राणीमागे टिकले. महेश्वरचा न्याय १३ ऑगस्ट १७९५ ला बाईंबरोबर संपला. उत्तराधिकाऱ्यांसाठी कायदा त्यांनी ठेवला नाही. हा त्यांच्या कारभारातला सर्वांत मोठा दोष, आणि पुतळे उभारताना आपण तो बोलत नाही.

खासगी मात्र उरली. संस्थान विलीन झाल्यावर १९६२ मध्ये इंदुरात तिचा ट्रस्ट झाला. देशभरच्या देवळे-घाटांची मालकी कोणाची आणि विश्वस्तांना ती विकता येते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की हा ट्रस्ट मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली येतो.