शांता आपटे यांचं उपोषण : हट्ट की सत्याग्रह?

वर्ध्यात उपोषण म्हटलं की पहिलं नाव बापूंचंच येतं. सेवाग्राम इथून आठ किलोमीटरवर. आज मात्र आपण एका नटीच्या उपोषणाचा विचार करणार आहोत.

शांता आपटे मूळच्या सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या. १९३२ सालच्या 'श्यामसुंदर'मधून त्या पडद्यावर आल्या. पुढे पुण्याच्या प्रभात कंपनीत 'अमृतमंथन', 'अमरज्योती' असे चित्रपट केले. गळा गोड, नजर धीट. १९३७ मध्ये शांतारामबापूंचा 'कुंकू' आला. म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा त्यांनी उभी केली. नीरा पळून जात नाही. घरातच राहते आणि हे लग्न मला मान्य नाही, असं रोज वागून दाखवते. हा नकार लोकांना पटला. हिंदीत तोच चित्रपट 'दुनिया न माने' म्हणून गाजला.

दोन वर्षांनी, १९३९ साली, कराराच्या वादातून शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. त्या काळी नटनट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. तेव्हा नटीनं मालकाच्या दारात उपाशी बसणं म्हणजे केवढं धाडस, विचार करा!

आता प्रश्न असा, की हा सत्याग्रह की नुसता हट्ट? बापूंचं म्हणणं होतं, उपोषण जिव्हाळ्याच्या माणसापुढेच करावं. परक्यावर केलं तर ती जबरदस्ती होते. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी राजकोटला उपोषण केलं, आणि पुढे त्यात दडपण होतं अशी कबुली देऊन पदरात पडलेला निवाडाही सोडून दिला. म्हणजे ही कसोटी त्यांनाही सोपी नव्हती.

कोणी म्हणेल, करार मोडला तर कोर्ट आहे, उपाशी कशाला बसायचं? पण करारात दोन्ही बाजू बरोबरीच्या आहेत, हे आपण गृहीत धरतो. एकीकडे स्टुडिओ, दुसरीकडे एकटी बाई. तिथं बरोबरी कुठली? स्वतःच्या देहाला ताप देणं एवढंच तिच्या हाती उरतं. तरीसुद्धा दडपणाची शंका पुरती जात नाही, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य करू.

आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. शांताबाई उपाशी बसून थांबल्या नाहीत. १९४० मध्ये त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं आणि या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांपुढे त्याची आतली बाजू मांडली. स्वतःचं गाऱ्हाणं त्यांनी सगळ्यांच्या विचाराचा विषय केलं. हट्ट 'माझं' म्हणून थांबतो; सत्याग्रहाला 'आपलं' म्हणावं लागतं.

पुढे त्यांनी तमिळ 'सावित्री'त काम केलं, त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या होत्या. १९६४ साली शांताबाई गेल्या. 'कुंकू' आजही पाहायला मिळतो. तो पाहताना नीरा आणि फाटकाशी बसलेली ती नटी, दोघींना शेजारी बसवून पाहा. पुढच्या वेळी तिथूनच बोलू.