परवान्यावरचा हिशेब

चौकातील तांबड्या दिव्याची पर्वा न करता दोन मोटारी एकामागून एक पुढे निघून जातात. वाहतूक पोलीस दोघांनाही अडवितो. दोघांकडूनही सारखाच दंड वसूल होतो आणि दोन्ही मोटारी आपापल्या वाटेने चालू लागतात. त्यांपैकी एका चालकाच्या हातून वीस वर्षांत घडलेली ती पहिलीच चूक असते. दुसऱ्याची मात्र त्या वर्षातील ती पाचवी असते. दंडाच्या पावतीवर हा भेद कोठेही उमटत नाही. पैसे भरले की प्रकरण मिटले, हा रोख दंडाचा स्वभावच आहे. ज्याच्या खिशात पैसा खुळखुळतो, त्याला तर असा दंड म्हणजे घाईबद्दल मोजावयाचे भाडेच वाटू लागते.

एकदा चुकणारा आणि वारंवार चुकणारा यांना वेगळे कसे ओळखावे, या प्रश्नाला अनेक देशांनी एक साधे उत्तर शोधले आहे. प्रत्येक अपराधाला त्याच्या गांभीर्याप्रमाणे काही गुण द्यावयाचे, ते चालकाच्या नावावर मांडून ठेवावयाचे आणि त्यांची बेरीज ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचली की त्याचा वाहन चालविण्याचा परवाना काढून घ्यावयाचा. इंग्रजीत यांना पेनल्टी पॉइंट म्हणतात. आपण त्यांना दोषांक म्हणू.

फ्लेन्सबुर्गची वही

जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सीमेजवळ फ्लेन्सबुर्ग नावाचे एक शहर आहे. वाहतुकीचे गंभीर अपराध करणाऱ्यांची मध्यवर्ती नोंद तेथे १९५८ पासून ठेवली जाऊ लागली, तर १९७४ मध्ये तिला दोषांकांची जोड मिळाली. ‘फ्लेन्सबुर्गला आपले किती गुण झाले?’ हा प्रश्न जर्मन मोटारचालकांच्या बोलण्यात तेव्हापासून रुळून गेला आहे.

२०१४ मध्ये या पद्धतीची नव्याने मांडणी झाली. वाहन चालविताना हातात फोन धरला तर एक दोषांक मिळतो. दिवा तांबडा होऊन एका सेकंदाहून अधिक काळ लोटल्यावरही जो पुढे जातो, त्याला दोन दोषांक आणि शिवाय एक महिना वाहन चालविण्यास बंदी. ज्या फौजदारी गुन्ह्यांत न्यायालय परवानाच काढून घेते, त्यांना तीन दोषांक. चार किंवा पाच दोषांक झाले की चालकाला लेखी समज दिली जाते. सहा किंवा सात झाले की ताकीद मिळते. आठ झाले की परवाना जातो आणि निदान सहा महिने तरी नवा मिळत नाही. तो पुन्हा मागताना आपण वाहन चालविण्यास योग्य आहोत हे बहुधा वैद्यकीय व मानसिक तपासणीतून सिद्ध करावे लागते.

या वहीत जमेची बाजूही आहे, हे विशेष होय. एक दोषांकाची नोंद अडीच वर्षांनी, दोन दोषांकांची पाच वर्षांनी व तीन दोषांकांची दहा वर्षांनी पुसली जाते. ज्याचे दोषांक पाचांच्या वर गेलेले नाहीत, असा चालक स्वेच्छेने एका शिक्षणवर्गाला गेला तर त्याचा एक दोषांक कमी होतो. मात्र ही सवलत पाच वर्षांतून एकदाच मिळते. म्हणजे शिक्षेच्या वाटेवर तीन ठिकाणी थांबून मागे वळण्याची संधी येथे दिलेली आहे. रोख दंडात ही सोय नाही. तो माणसाला एकदा बोचतो आणि विसरून जातो.

कोठे बेरीज, कोठे वजाबाकी

फ्रान्सने १९९२ मध्ये हाच हिशेब उलट्या बाजूने मांडला. तेथे अनुभवी चालकाजवळ बारा गुणांची पुंजी असते व प्रत्येक अपराधागणिक ती घटत जाते. शून्य झाली की परवाना संपला. नवशिक्याला आरंभी केवळ सहा गुण मिळतात. ही पद्धत लागू झाली त्या उन्हाळ्यात फ्रान्समधील मालट्रकचालकांनी निषेध म्हणून रस्ते अडविले. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. हौसेने मोटार चालविणाऱ्याचा परवाना गेला तर त्याची गैरसोय होते. ट्रकचालकाचा गेला तर त्याची चूल थंडावते. शिवाय माल अमुक वेळेत पोहोचलाच पाहिजे असे ठरविणारा दुसराच कोणी असतो आणि गुण जातात ते चाकावर बसलेल्याचे.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांत बारा दोषांक जमले की किमान सहा महिने वाहन चालविता येत नाही. परंतु बंदीमुळे आपल्यावर असाधारण आपत्ती कोसळेल असे न्यायालयाला पटवून देता आले, तर ही बंदी टळू शकते. नवशिक्यांच्या बाबतीत मात्र कायदा कठोर आहे. परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांत सहा दोषांक झाले की तो रद्द होतो आणि त्या व्यक्तीला पुन्हा शिकाऊ परवान्यापासून आरंभ करून परीक्षा द्यावी लागते. २०१७ पासून हातात फोन धरून वाहन चालविल्यास एकदम सहा दोषांक मिळतात. म्हणजे नव्या चालकाचा परवाना एका दूरध्वनीपायी जाऊ शकतो.

दोषांक कोणाच्या नावावर?

दंड कोणीही भरू शकतो. बाप मुलाचा भरतो, मालक नोकराचा भरतो. दोषांक मात्र चुकणाऱ्याच्याच नावावर लागला पाहिजे, नाहीतर साऱ्या पद्धतीलाच अर्थ उरत नाही. कॅमेऱ्याला गाडीचा क्रमांक सहज दिसतो. ती कोण चालवीत होते हे नेहमीच दिसते असे नाही. म्हणून ब्रिटनमध्ये त्या वेळी गाडी कोण चालवीत होते हे कळविण्याचे बंधन गाडीच्या नोंदणीकृत धारकावर असते. ते न पाळणाऱ्याला सहा दोषांक मिळू शकतात.

हे बंधन चुकविण्याचा मोह मोठमोठ्यांनाही आवरत नाही. २००३ मध्ये क्रिस ह्यून या ब्रिटिश राजकारणी गृहस्थांची मोटार वेगमर्यादा ओलांडताना कॅमेऱ्यात सापडली. गाडी आपण चालवीत होतो असे त्यांच्या पत्नी विकी प्राइस यांनी कळविले व दोषांक आपल्या नावावर घेतले. पुढे ह्यून मंत्री झाले, दांपत्यात दुरावा आला आणि २०११ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर पडली. २०१२ मध्ये ह्यून यांना मंत्रिपद सोडावे लागले. पतीच्या दडपणामुळे आपण हे केले, हा प्राइस यांचा बचाव ज्यूरीने मानला नाही. मार्च २०१३ मध्ये न्यायकार्यात अडथळा आणल्याबद्दल दोघांनाही प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली. तीन दोषांक चुकविण्याची ही किंमत होती.

धाक किती काळ टिकतो?

या पद्धतीने अपघात खरोखर कमी होतात काय? कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील चालकांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहतुकीच्या अपराधाबद्दल दोषी ठरल्यानंतरच्या महिन्यात त्या चालकाच्या हातून प्राणघातक अपघात घडण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी उतरतो, असे त्यात आढळले. दोषांक मिळाले असता हा परिणाम अधिक होता. परंतु तीन-चार महिन्यांत तो ओसरत गेला. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी काढलेला निष्कर्षही याला जुळणारा आहे. दोषांकांची पद्धत सुरू होताच अपघात, मृत्यू व जखमा १५ ते २० टक्क्यांनी घटतात, पण दीड वर्षाच्या आतच हा लाभ विरून जातो. पकडले जाण्याची शक्यता नित्य जाणवत राहिली नाही, तर वहीतील आकड्यांचा धाक कोणाला वाटणार?

आपल्या देशात

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ दुचाकीवरील अशी होती, की ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. वारंवार चुकणाऱ्याची दखल घेणे आपल्या कायद्याला अपरिचित नाही. ज्याच्या पूर्वीच्या वर्तनावरून लोकांना धोका संभवतो, अशा चालकाचा परवाना काढून घेण्याचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना अधिकाऱ्याला दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमाही वाढल्या. मद्य पिऊन वाहन चालविल्यास प्रथम सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तोच अपराध पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोषांकांचा प्रयोगही आपल्याकडे झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये तेलंगणाने चोवीस महिन्यांत बारा दोषांक झाल्यास एक वर्ष परवाना निलंबित करण्याची पद्धत सुरू केली.

अशा पद्धतीपुढील खरी अडचण चाकामागच्या माणसाला ओळखण्याची आहे. कॅमेऱ्याने टिपलेले चलान गाडीच्या मालकाकडे जाते. घरातील एकाच स्कूटरवरून वडील कचेरीत जातात, मुलगी महाविद्यालयात जाते, आणि रविवारी धाकटा चिरंजीव मित्रांसह भटकून येतो. चलान येते ते वडिलांच्या नावावर. वडील ते मुकाट्याने भरतात आणि मुलाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते.

राज्याची वही पूर्ण होईपर्यंत घराला आपली वही ठेवता येईल. चलान आले की त्या वेळी गाडी कोणाच्या हाती होती हे त्यावरील तारीख व वेळ पाहून ठरवावे, आणि ज्याच्या हाती होती त्याच्याशीच बोलावे. त्याचा दंड दुसऱ्याने परस्पर भरू नये. एका चुकीला समज पुरेल, दुसरीला ताकीद द्यावी, तिसरीनंतर किल्ली काही काळ खुंटीवरच राहू द्यावी. ही शिक्षा मुलाला कठोर वाटेल. परंतु रस्त्यावर होणाऱ्या शिक्षेला समज आणि ताकीद या पायऱ्या नसतात.